रेडिओ सेट, गच्चीवरची तार आणि माझा राग यांची व्यवस्था

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. ते तापलेलेही आहे, एवढे मी माझ्या अकलेने जोडते.

१. राहते घर एकुलत्या एक चिरंजीवांना. अट कलम ५ मध्ये आहे.

२. बँकेतल्या ठेवीतून हौशी रेडिओ, म्हणजे घरच्या सेटवरून दूरदूरच्यांशी बोलणे, शिकू पाहणाऱ्या बायकांना परवान्याच्या परीक्षेची फी आणि नुसता ऐकण्याचा जुना रिसीव्हर द्यावा. रेडिओ क्लबच्या हाती मात्र छदामही पडू नये. सत्तावन्नाव्या वर्षी मी तिथे गेले, तेव्हा क्लबचे अध्यक्ष, म्हणजे सेट विकणारे दुकानदारच, म्हणाले की नवा सेट घेतल्याशिवाय यात पडू नका. मी बांगड्या मोडून सेट घेतला. पुढे कळले, पहिले वर्षभर नुसते ऐकायचे असते आणि त्याला जुना रिसीव्हर आणि अँटेना म्हणून गच्चीवर ताणलेली तांब्याची तार पुरते. हे त्या गृहस्थांना चांगले ठाऊक होते.

३. सेट, मोर्सची किल्ली आणि रोज कोणाशी बोलले त्याच्या नोंदींची लॉगबुके सूनबाईंना. माझी कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेले हवेतले नाव, देता येत नाही, परवाना वारसाने मिळत नाही. परीक्षा त्यांना स्वतः द्यावी लागेल. त्या आठ महिने पातेल्याच्या काठावर चमच्याने मोर्सचा सराव करत होत्या. मला वाटले, माझ्यावरचा राग भांड्यांवर काढतात, म्हणून मी दोनदा नको ते बोलले. ते शब्द मागे घेते.

४. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी इस्पितळात असताना चिरंजीवांनी गच्ची रंगवायला माझी तार कापली. मग सेटला गिऱ्हाईक आणले आणि तो चालतो हे दाखवायला बोलायचे बटण दाबले. तार नसताना बटण दाबले की सेट आतून जळतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मला म्हणाला, "आई, तो आधीच बंद होता." तार कापलीस ते मी गिळले असते. खोटे का बोललास? आणि वर म्हणालास, "छंदच तर आहे." मी घरी आल्यापासून जळलेला भाग मिळून सेट सुरू व्हायला एकोणीस दिवस लागले.

५. दूरच्या किनाऱ्यावर दीपगृहाचे एक निवृत्त रखवालदार राहत. अकरा वर्षे आम्ही रोज सकाळी सातला सेटवर बोललो. तोंड पाहिले नाही, फोन नंबर मागितला नाही. इस्पितळात जाताना मी त्यांना सांगितले होते, सोमवारी घरी येते. सेट सुरू झाला तेव्हा तिकडून आवाज आला नाही. पुढे त्यांच्या मुलीने कॉलसाइनवरून माझा पत्ता शोधून त्यांच्या लॉगबुकचे शेवटचे पान पाठवले. त्या सोमवारपासून सतरा ओळी आहेत. प्रत्येकीत तारीख, सातची वेळ, माझी कॉलसाइन आणि "उत्तर नाही". सतराव्या ओळीचे अक्षर हलले आहे: "उत्तर नाही. बहुधा बाई गेल्या." त्याच दुपारी ते गेले.

घराचा ताबा घेण्यापूर्वी चिरंजीवांनी हे पान वकिलांसमोर मोठ्याने वाचावे. सतराही ओळी, एकही न गाळता. शेवटची वाचून झाल्यावर सांगावे, की त्या सकाळी सात वाजता आई जिवंत होती, खालच्या खोलीत चहा पीत होती.

साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही), सेट दुरुस्त करणारे मेकॅनिक (सही). सूनबाईंना वाटा असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.
ठिकाण: गच्चीवरची खोली.
दिनांक: पान टपालाने पोचले त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सात.
सही: आई