अंगठ्याखालचा ठसा

अप्पा, परवा मी तुमचं कापड माझं म्हणून दाखवलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज लिहायला बसले तर नेमकं हेच सांगायची वेळ आली आहे.

आपलं कापड रंगवायचं काम कधीच बंद पडलं, पण माझा रंगाचा नाद काही सुटला नाही. हुणसूरकडच्या शेतकऱ्यांनी तंबाखू सोडून झेंडू लावावा, रासायनिक खत नको, फवारणी नको, आणि त्या फुलांतून मी कापडाचा रंग काढावा, असा उद्योग मी मांडला आहे. परवा इथे म्हैसूरला अशाच शेतीच्या स्टार्टअपची स्पर्धा झाली. समोर गुंतवणूकदार, आणि बोलायला पाच मिनिटं. बोलण्यात मी कधी हरले नाही, हे तुम्ही जाणताच. अडचण एकच, माझा पिवळा तीन धुण्यांत फिका पडतो. म्हणून आईच्या ट्रंकेतून तुमचं पिवळं कापड काढलं. ते तर दुकानातल्या पुडीच्या रासायनिक रंगाचं, आणि ते तुम्ही कधी कुणापासून लपवलंही नाहीत. स्टेजवर मी ते उलगडते आणि बिनदिक्कत म्हणते, "हा आमच्या झेंडूचा रंग. वीस वेळा धुतलाय." कोपऱ्यात तुमच्या कामाची खूण, तो पानाचा ठसा होता. तो मी अंगठ्याखाली दाबून धरला होता.

पहिला नंबर आला. टाळ्या वाजत होत्या आणि मला जयलक्ष्मीपुरमच्या त्या बाई आठवत होत्या. तुम्ही जेवायला बसला होता, आणि मी त्यांना चादर विकून मोकळी झाले होते. गिऱ्हाइकासमोर कोपरा बालदीत बुडवून दाखवायचा, ही आपल्या घरची रीत मी मोडली. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात.

"धुवून दाखवल्याबिगर कापड द्यायचं नाय, गोत्तायता, कळलं काय? बालदी घे नि जा."

"पण अप्पा, त्यांनी विचारलंच नाही!"

"त्यांनी विचारलं नाय म्हणून तू सांगणार नाय काय?"

सिटी बसमध्ये मांडीवर बालदी घेऊन बसलेली मी. सगळे बघतायत. बाईंच्या अंगणात चादरीचा रंग थोडा गेलाच, पण त्या हसल्या आणि ती ठेवून घेतली. मी मात्र दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

परवा हॉलमध्ये मागच्या रांगेत हुणसूरचे तंबाखूवाले शेतकरी गौडरू बसले होते. माझ्या शब्दावर त्यांनी शेताच्या एका तुकड्यात झेंडू लावून पाहिला होता. बाहेर येऊन त्यांनी ते कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, आता तंबाखू नकोच. सगळ्या रानात झेंडू लावतो, भावालाही सांगतो." मी हसून मान हलवली. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, अप्पा.

येत्या आठवड्यात ते रोपं लावतील. आज सकाळी माझं ते फिकं कापड पिशवीत घालून मी बसस्टँडवर गेले. हुणसूरची बस लागली, भरली, सुटली. मी चढले नाही. घरी आले आणि हे लिहायला घेतलं. गौडरूंना कन्नडमध्ये सांगायचं ते तुम्हाला मराठीत सांगून सुटायला बघते आहे.