सात अक्षरांचा चषक

मी, थामरोंग खाम्पीला, वय एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षक, राहणार राचबुरी, हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यकृताने दगा दिला तरी डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मास्तरांपुढे बोलायची या गल्लीत कोणाची टाप नव्हती, आणि तिथेच सगळे बिघडले.

कलम एक. भिक्खूंचे मंत्रपठण तीनच दिवस ठेवावे. बँकेत आहे तेवढ्यात ते भागेल. स्पर्धांमधले माझे फोटो शवपेटीपाशी लावू नयेत.

कलम दोन. शब्दखेळाचे दुहेरी घड्याळ माझा स्पर्धांतला जुना सोबती आदिसोन "उद्या आणून देतो" म्हणून बौद्ध संवत २५३९ साली घेऊन गेला. ते त्याला दिले असे समजावे. मात्र त्याने माझ्या अंत्यविधीत भाषण करू नये. तो लांबवतो.

कलम तीन. कपाटात इंग्रजी शब्दांच्या एकेचाळीस वह्या आहेत. एकीत 'क्यू' असलेले पण 'यू' नसलेले शब्द, एकीत जवळजवळ सगळे स्वरच असलेले, बाकीच्यांत तीच ती अक्षरे फिरवून होणारे. पटावर अक्षरे मांडायच्या खेळात शब्द खरा असला की पुरे, अर्थाला गुण नाहीत. मला इंग्रजीत चहा मागता येत नाही, पण साठ हजार शब्द पाठ आहेत. आमच्याकडचे बहुतेक खेळाडू असेच तयार झाले. वह्या शाळेच्या शब्दखेळ मंडळाला द्याव्यात. पण प्रत्येक शब्दापुढे त्याचा थाई अर्थ लिहिल्याशिवाय एकही वही मुलांच्या हाती जाऊ देऊ नये. ही अट आहे, विनंती नाही.

कलम चार. राहते घर लामदुअनच्या नावे करावे. ती माझ्या दिवंगत पत्नीची, बुनरुअनची, धाकटी बहीण. बाजारात भाताची पेज विकते. माझी एकुलती मुलगी कुंग विचारेल, मावशीला घर का? तिच्यासाठी पुढचे लिहितो.

कुंग, अकरा वर्षांपूर्वी तुझ्या आईच्या मांडीत गाठ आली होती. बँकॉकच्या इस्पितळातून तपासणीचा कागद लामदुअननेच आणला. पाकीट बंद होते, पुढच्या सोमवारी डॉक्टरांना भेटायचे होते. लामदुअनने ते माझ्या हातात दिले. तुझी आई भाजी निवडत होती. म्हणाली, "मास्तर, बघा हो जरा. सगळं इंग्रजीत आहे."

मी पाहिले. मधोमध एक शब्द होता, सार्कोमा. सात अक्षरांचा. २५४१ साली हातयाई शहरातल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत मी एकाच डावात सातही अक्षरे लावून हाच शब्द मांडला होता. वरचे पन्नास गुण मिळाले आणि चषक घरी आला. मी हसलो.

"अगं, हा तर आपला चषकवाला शब्द! शुभ आहे. घाबरू नकोस."

"म्हणजे सोमवारी जायला नको?"

"कशाला उगाच बसचे धक्के खातेस?"

लामदुअन म्हणाली, "दाजी, अर्थ काय त्याचा?"

मी तिच्यावर डाफरलो. "तू पेज ढवळ. इंग्रजी मला शिकवू नकोस."

चार महिन्यांनी बुनरुअनला पाऊल टाकवेना. तेव्हा इस्पितळातला तरुण डॉक्टर म्हणाला, "काका, इतके दिवस होतात कुठे? सार्कोमा म्हणजे कॅन्सर, आमच्याकडच्या प्रतीवर स्पष्ट लिहिलंय." तुझ्या आईने माझ्याकडे पाहिले आणि पदरचे सांगितले, "कागद आम्हाला मिळालाच नाही, डॉक्टर."

ती गेली. कागद नेल्याची इस्पितळातली सही लामदुअनची निघाली. चितेपाशी तू लामदुअनला सगळ्यांदेखत म्हणालीस, "मावशी, कागद तू आणलास आणि दडवलास. पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." मी तुझ्या शेजारी उभा होतो. गप्प राहिलो. तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. नंतर मी तिच्या गाड्यावर गेलो, तेव्हा म्हणाली, "राहू द्या दाजी. पोरीला एकच माणूस उरलंय, ते कशाला हिरावून घेऊ?" अकरा वर्षे ती हे सोसते आहे. मी नीच माणूस आहे.

कलम पाच. कुंगला तिच्या आईचे दागिने, शिवणयंत्र आणि तो कागद. तो माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे.

कलम सहा. <s>हे मृत्युपत्र माझ्या निधनानंतरच उघडावे.</s> ही ओळ मी खोडली आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

कुंग दर शनिवारी येते, माझे पाय चेपते, शेजाऱ्यांना सांगते की असा बाप मिळायला भाग्य लागतं. माझ्याकडे दुसरे काही उरलेले नाही, आणि डॉक्टर म्हणतात शनिवारही दोन-तीनच उरलेत. हे सगळे सोडून द्यायला जीव तयार होत नाही. काल दिवसभर मी हा कागद फाडायचा विचार करत होतो. पण मी मेल्यावर हे वाचले तर कुंग राग कोणावर काढणार? मढ्यावर? जिवंत बापावर रागवायचा तिचा हक्क आहे. म्हणून येत्या शनिवारी लामदुअनला बोलावले आहे. तिच्यासमोर कुंगला हे मोठ्याने वाचायला लावीन. मध्येच उठून ती निघून गेली तर तिला कोणी अडवू नये, आणि लामदुअनने तिच्यामागे जावे. माझ्यापाशी कोणी थांबायची गरज नाही.

सही: थामरोंग खाम्पीला

साक्षीदार: विचियन सायथोंग, निवृत्त मुख्याध्यापक (वाचून सही केली.)
साक्षीदार: सुमाली पानरित, औषध दुकानदार

राचबुरी, बुधवार, ११ सप्टेंबर, बौद्ध संवत २५६७