अव्वाच्या हातातलं नाणं

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लोहारा,
ता. १३ जानेवारी २०२५

चि. शंभुलिंग यास,

उमाअक्काचा आशीर्वाद. मोठ्या बहिणीनं द्यायचा असतो म्हणून लिहिला, मनातून निघालेला न्हाय.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणावं लागलं. अव्वाची तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे धरतात. तिला अजून यातलं काही माहीत न्हाय.

काल दुपारी धाराशिवचे गोरोबा नावाचे गृहस्थ आमच्या गिरणीवर आले. कापडाच्या दुकानात कामाला असतात. मोबाइलवरचा फोटो दाखवून यांना विचारलं, ही बाई कुठं राहते. फोटो अव्वाचा! दिवाळीला तू आमच्या ओट्यावर काढलेला. तिच्या तळहातावर देवीच्या छापाचं पाच रुपयांचं नाणं, आणि मागं आमच्या गिरणीची पाटी. ती झाकायचं तुला सुचलं न्हाय, एवढा तू हुशार. खाली जन्मदात्या आईला आजी करून लिहिलंय, आजीच्या देवघरातलं दुर्मिळ नाणं, खरी किंमत नऊ लाख, अडचणीमुळं साठ हजारात देणे आहे. अरे, तसली नाणी आमच्या गल्ल्यात रोज येतात.

फोनवर तू त्यांना सांगितलंस की मुंबईची पार्टी हेच नाणं नऊ लाखाला घ्यायला बसली आहे. मुलीच्या, निकिताच्या, नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे त्यांनी पाठवले. नाणं आलं, पार्टीचा फोन काही लागेना. सराफाकडं गेले तर तो म्हणाला, पाच रुपयांचं आहे, चहा प्या. निकिताची जागा गेली. तो माणूस आमच्या ओट्यावर बसून रडला आणि त्यांना पाणी द्यायचीसुद्धा मला लाज वाटली.

फोटो काढून टाक आणि त्यांचे पैसे परत कर. नाहीतर माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

माया होती ती आटत चाललीय, हे कळावं.

तुझी अक्का,
उमादेवी


जळकोट,
ता. १९ जानेवारी

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकीट लावून भांडायची हौस तुलाच. इकडं सगळं खुशाल. तुझ्या भावजयीनं, सोनालीनं, नवा फ्रिज घेतला.

म्या कुणाच्या गळ्याला सुरी लावली? किंमत सांगितली, त्यानं घेतलं. आणि त्याला तरी नऊ लाख कशाला पाहिजे होते? तेच नाणं पुढच्याच्या गळ्यात मारायला निघाला होता की! तुझे गोरोबा काय साधू न्हायत. दाजी गिऱ्हाइकाचं पीठ पावशेर कमी भरतात, तेव्हा तुला कुणाची लाज वाटते का?

पोलिसात जायचं असंल तर खुशाल जा. नंबर माझ्या नावावर न्हाय, खातं माझ्या नावावर न्हाय. राहिली अव्वा. धाकट्या लेकाविरुद्ध ती एक शब्द बोलायची न्हाय, हे तुला चांगलं ठाऊक आहे आणि तेच तुला लहानपणापासून खुपतंय. पत्र तिला वाचून दाखवायचं तर दाखव.

दाजींना नमस्कार. लोभ ठेवायचा तर ठेवा, माझं काही अडलं न्हाय.

शंभुलिंग


लोहारा,
ता. ५ फेब्रुवारी

शंभुलिंग यास,

आशीर्वाद या खेपेला लिहीत न्हाय.

तू म्हणालास म्हणून तुझं पत्र अव्वाला वाचून दाखवलं. भाकरी करत होती. तिनं तवा उतरवला, फोटो मागितला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिली. मग एवढंच विचारलं, तो माणूस राहतो कुठं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं धाराशिवला गेलो. गोरोबांच्या घरी ती निकिताच्या पुढं हात जोडून उभी राहिली. पोरगी तोंड फिरवून आत निघून गेली. मला तिचा राग आला न्हाय.

पोलिसात हवालदार म्हणाला, नंबर खोटा, खातं परक्याचं, माणूस कोण ते कसं ठरवायचं. गोरोबांनी फोनवरचं बोलणं भरून ठेवलं होतं, ते लावलं. तुझा आवाज खोलीभर झाला. मी तोंड उघडायच्या आत अव्वाच बोलली की, हा माझा शंभू आहे, याला म्या जन्म दिलाय, याचा आवाज मला दुसऱ्यानं का सांगावा. आणि कागदावर अंगठा उठवला.

ती तुझीच बाजू घेईल असं मलाही वाटलं होतं. या एका बाबतीत तू आणि मी सारखेच चुकलो.

उमादेवी


जळकोट,
ता. १६ फेब्रुवारी

अव्वास,

नमस्कार.

पोलीस घरी येऊन मोबाइल घेऊन गेले. समोरच्या हायवेवरच्या हॉटेलातली सगळी माणसं बाहेर येऊन बघत होती. सोनाली माहेरी निघून गेली. तू आई आहेस का वैरीण?

अजून वेळ गेली न्हाय. कानाला कमी ऐकू येतं, आवाज ओळखण्यात चूक झाली, एवढं सांग. सांगितलं न्हाय तर तू गेल्यावर मला कुणी कळवू नका. खांदा द्यायला मी येणार न्हाय.

शंभुलिंग


धाराशिव,
ता. २३ फेब्रुवारी

शंभ्या,

शरणु शरणार्थी.

म्या गोरोबाच्या घरी आलेय, हे पत्र निकिता लिहितीया. उमाला सांगितलं असतं तर तिनं चार शिव्या पदरच्या घातल्या असत्या. ही पोरगी माझ्याशी अजून धड बोलत न्हाय, पण सांगते तसं लिहिते.

दिवाळीला तू आलास. मला नवी इरकल नेसायला लावलीस, हातात नाणं ठेवलंस, म्हणालास, अव्वा, हास. म्या हसले. वाटलं, लेकराला माझा फोटू पाहिजे. त्या हसण्यावर हिच्या बापानं इश्वास ठेवला. नाण्यावर न्हाय, माझ्या तोंडावर. म्हणून बोलायचं मलाच.

कानाचं म्हणशील तर गिरणी चालू असताना बी मला दारातली हाक ऐकू येते. खोटं सांगणार न्हाय. खांद्याचं उमाशी बोलून ठेवलंय. मठातला जंगम काय म्हणायचं ते म्हणू दे, लेक असली तरी ती देईल.

शिवरात्रीनंतरच्या सोमवारी पोलीस तुला आणि मला समोरासमोर बसवणार हायत. माझ्याकडं बघू नगंस. बघितलंस तर माझं बोलणं अडकंल. अडकलं तरी बी म्या बोलणार.

सकाळी पोटभर खाऊन ये. तिथं लई वेळ बसवून ठेवतात.

तुझी अव्वा,
शरणम्मा