खणीतल्या राणीकडून ताईला सोडवण्याची मोहीम

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, मोहीम गुप्त आहे.

परिस्थिती अशी. क्रांतीताई घरातून गेल्याला आठवडा झाला. आण्णांनी भावकीत सांगून टाकलंय, पोरगी नेसरीला मामाकडं हाय. मी मामाला फोन लावला, तर मामा म्हणाला, इथं कुठली रे? आईला विचारलं, ती भाकरी थापत राहिली. आण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, "या घरात ते नाव घ्यायचं न्हाय."

म्हणजे घरच्यांना काहीच माहीत नाही. बिचारे. सगळं माझ्यावर येऊन पडलंय.

खरं काय ते शेजारच्या बयाबाईंकडून कळलं. त्या म्हणाल्या, "भर बाराला एकटी विहिरीवरनं गेली की रं. आसरांनी न्हेली आसंल." आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आपल्याकडच्या पऱ्याच म्हणा. हे ऐकून बाकीच्या बायकांनी एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावला. भ्याल्या असणार.

काही लोक म्हणतात ती कुणाबरोबर तरी पळून गेली. शक्यच नाही. मला न सांगता ताई कोपऱ्यावरच्या दुकानात पण जात नाही. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

५ फेब्रुवारी

अभ्यास पूर्ण. (सीईटीचा नव्हे.)

आमच्या गडमुडशिंगीत राज्यं दोन. एक जुन्या विहिरीचं, दुसरं माळावरच्या खणीचं, म्हणजे पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीचं. बयाबाई म्हणतात, विहिरीवर दहीभात ठेवला की खणीतल्या रुसतात. म्हणजे खानदानी वैर. कोल्हापुरात दोन तालमींची फुटबॉल मॅच असली की असतं तसं. मोबाईलवर मी परीराज्यांच्या ढीगभर कादंबऱ्या वाचल्यात, त्यामुळं पुढचं सोपं आहे. ताईला खणीवाल्यांनी नेलंय हे नक्की, कारण खण जास्त खोल. मग विहिरीच्या राणीशी तह करायचा. पंधरा दिवसांत ताई घरी. विषय एन्ड.

७ फेब्रुवारी, दुपारी बारा

तहाचा प्रस्ताव सादर. दहीभात, लिंबू आणि ताईच्या डब्यातल्या हिरव्या बांगड्या. विहिरीत वाकून मोठ्यानं म्हणालो, "आमचं माणूस परत द्या." आवाज परत आला, पण तो माझा नव्हता. बारीक होता, बाईचा. मी पळालो नाही. वेगानं परत आलो. चप्पल तिथंच राहिली.

संध्याकाळी चप्पल आणायला गेलो तर दहीभात संपलेला. म्हणजे तह मंजूर. जवळच एक कुत्रं तोंड चाटत बसलं होतं, पण त्याचा इथं संबंध नाही.

९ फेब्रुवारी

मोठा पुरावा सापडला.

ताईचा मोबाईल घरीच राहिलाय, भिंतीतल्या देवळीत. रोज पहाटे साडेपाचला त्याचा अलार्म वाजतो, तिच्याच आवाजात. माझ्यासाठीच रेकॉर्ड केलेला, "ए धैऱ्या, ऊठ की! नुसता लोळतोय." अंधारात तो आवाज घरभर फिरतो आणि आपोआप थांबतो. बंद करायला कुणी उठत नाही. आई जागी असते, तिच्या बांगड्या वाजतात. आण्णांचं घोरणं पण तेवढ्यापुरतं थांबतं.

आज फोन हातात घेऊन बघितला. बॅटरी शंभर टक्के! इतके दिवस तसाच पडलेला फोन चालतो का कुठं? याचा अर्थ एकच. शक्ती तिकडून येतेय. ताई पाण्याखालून मला हाक मारतेय.

उद्यापासून साडेपाचला उठायचं. सूर्यनमस्कार, मग सीईटी, मग मोहीम.

१० फेब्रुवारी

उठलो नाही. थंडी होती.

१३ फेब्रुवारी

ऋतुराज हा माझा सेनापती, कारण गाडी त्याच्याकडं आहे. तो आज म्हणाला, तुझी ताई कागलच्या बाजारात दिसली. भाजी घेत होती, गळ्यात मंगळसूत्र, बरोबर तिथल्याच जैन चौगुल्यांचा वृषभ. मी त्याला शांतपणे समजावलं. ते मायावी रूप असतं बाबा. खरं माणूस पाण्यात ठेवून घेतात आणि तसंच दिसणारं दुसरं बाहेर सोडतात. सगळ्या कादंबऱ्यांत आहे.

ऋतुराजनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाला, "भावा, तू जेवतोस न्हवं नीट?" आणि स्वतःच्या पैशानं मिसळ खायला घातली. माझ्या अभ्यासाचा त्याच्यावर चांगलाच परिणाम झालेला दिसतो.

१७ फेब्रुवारी

खणीवर टेहळणीला गेलो. भर बारा. वारं नाही, पाखरू नाही, पाणी गडद हिरवं. आणि पाण्याच्या कडेला एक बाई. पाठमोरी, केस मोकळे, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. मी सगळी ताकद लावून ओरडलो, "ताई!"

बाई वळली. आई होती.

तिच्यापुढं केळीच्या पानावर दहीभात, हळदकुंकू, चोळीचा नवा खण. म्हणाली, "धुणं घिऊन आलते." खणीवर कुणी धुणं धूत नाही. मी तसं म्हणालो. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माझी पोर जिथं आसंल तिथं सुखात ठेवा म्हनलं. तेवढंच."

घोटाळा झाला. मी विहिरीशी तह केलाय आणि आईनं परस्पर खणीशी बोलणी सुरू केलीत. घरातच फूट.

२१ फेब्रुवारी

दुपारी माझा चार्जर सापडेना म्हणून देवळीकडं गेलो. आण्णा तिथं उभे होते. त्यांनी ताईचा फोन चार्जिंगला लावला होता आणि खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसत होते. मला बघून दचकले. म्हणाले, "फुगती न्हाय तर बॅटरी." आणि बाहेर निघून गेले.

निष्कर्ष: आण्णा खणीच्या अंमलाखाली आलेत.

असं लिहिलं खरं. पण ते काच पुसत होते, ते डोळ्यांसमोरनं जाईना. मला आज फार भीती वाटतेय. आसरांची नाही. कशाची ते कळत नाही.

ठरलं. कागलला जायचं आणि त्या मायावी रूपाला उघडं पाडायचं.

२८ फेब्रुवारी, कागल

शस्त्रं: लिंबू, लोखंडी खिळा, मूठभर तांदूळ. मुख्य नियम, त्यांच्या राज्यात काही खायचं नाही. खाल्लं की माणूस तिकडचाच होतो.

दार वृषभच्या आईनं उघडलं, रत्नाबाईंनी. "या पावणं," म्हणाल्या. मी खिशात खिळा घट्ट धरला. तेवढ्यात आतनं ती आली. मला बघून जागच्या जागी थांबली. मग पुढं येऊन टाळक्यात एक टपली मारली आणि म्हणाली, "धैऱ्या, केस किती वाढीवलैस, माकडा!"

मायावी रूपाला हे जमत नाही.

पोहे आले. त्यांच्या घरात कांदा-लसूण येत नाही, त्यामुळं बिनकांद्याचे. दोन प्लेटा खाल्ल्या. मोहीम तिथंच संपली बहुतेक.

मग विचारलंच, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "आण्णांना सोडून जाताना रडू आलं न्हाई. तुला सांगितलं आसतं तर पायच निघाला नसता." मग आम्ही दोघं रडलो. रत्नाबाई उगीचच आत जाऊन भांडी लावायला लागल्या.

म्हणालो, चल घरी, आत्ताच्या आत्ता. ऋतुराजची गाडी आणलीय. तिनं विचारलं, "आण्णांनी पाठवलंय का तुला?" तिचा चेहरा असा झाला होता की मी हो म्हटलं असतं तर ती अनवाणी गाडीवर बसली असती. हो अगदी माझ्या ओठावर आलं होतं.

"न्हाय," म्हणालो.

तिला कुणी नेलं नव्हतं. ती गेली होती.

१ मार्च

आई चुलीपुढं होती. काही न सांगताच तिला कळलं. विचारलं, "वाळलीया का?" म्हणालो, नाही, बरी आहे. "जेवती का नीट?" म्हणालो, जेवते, पण कांदा खात नाही आता, त्यांच्यात चालत नाही. आई भाकरी तव्यावर तशीच सोडून बसली. "कांद्याशिवाय? आगं बया! कशी घास गिळत आसंल माझी पोर?"

आण्णा बाहेर सोप्यात होते. त्यांना ऐकू जाईल हे मी विसरलोच. घर एकदम गार पडलं. आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घातली. मग बाहेरून त्यांनी विचारलं, "आनि लसूण?"

म्हणालो, तो पण न्हाय.

आण्णा जेवायला आत येऊन बसले. आईनं आज कांदा फोडला नाही. आण्णांनी मागितला पण नाही.