एका जागेचा प्रश्न

मंगळवार, ता. ३

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

विहिरीत बुडी मारून तू दोन दगड एकमेकांवर आपटायचीस, तो ‘टक्’ आवाज आठवतो का गं? मी दुसऱ्या टोकाला पाण्याखाली डोळे मिटून ऐकायचो. हवेत आवाजाला दिशा असते, पाण्यात तो थेट छातीत वाजतो. तसा आवाज पुन्हा ऐकायला मी खाली उतरायचं म्हणतोय.

झालंय असं, की चिरंजीव आम्हा सगळ्यांना क्रूझवर नेतोय, व्याह्यांनासुद्धा. वाटेत जहाज एका बंदरात दिवसभर थांबतं. बाकीची मंडळी बाजार फिरतील. मी मात्र तिथल्या स्कूबा केंद्रात फोन केला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि खाली प्रवाळांचं रान! नवख्यांना प्रशिक्षक हात धरून नेतात. डॉक्टरांनी छाती तपासून होकारही दिलाय. शाळेत मास्तर समुद्राची कविता शिकवायचे तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसायचो. आता ती आतून वाचीन म्हणतो.

अडचण एवढीच, की केंद्रात एकट्याची नोंदणी घेत नाहीत, जोडीदार लागतो. मुलाला कानाचं दुखणं, सूनबाईला तर बादलीचीही भीती. व्याह्यांना विचारलं तर म्हणाले, या वयात माणसाने पाण्याकडे काठावरूनच बघावं. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन जागा राखून ठेवल्यात. तू येतेस? जहाजाचं तिकीट मी काढतो.

तुझा लोभ आजवर काठावर पुरला, आता खोल पाण्यातही पुरू दे.

तुझा,
बुडबुड्या

गुरुवार, ता. ५

चि. बुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अरे, माझे गुडघे जिना उतरू देत नाहीत, समुद्र कुठला उतरू देतायत! पण तू जा. तोंडात नळी असली की कविता म्हणता येत नाहीत, तेवढीच माशांना शांतता.

एक आगाऊपणा केलाय, रागावू नकोस. तुझे व्याही माझ्याच गल्लीत राहतात. काल चहाला आले, तेव्हा त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. काठावरून बघण्याचं वाक्य आलं तशी माझी जीभ अडखळली, पण वाचलं. वर म्हटलंही, जन्मभर नद्यांवर पूल बांधलेत, खाली काय आहे ते कधी बघावंसं नाही वाटलं? त्यांनी खोल गेल्यावर कानात दडा बसतो का, एवढं विचारलं आणि अर्धा कप चहा तसाच टाकून उठले. बहुतेक दुखावले. जहाजावर तुम्हा दोघांना एकच खोली आहे, तेव्हा आधीच सांभाळून घे.

आशीर्वाद आहेतच, ओले करून आण.

ताई

शनिवार, ता. ७

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

जोडीदार मिळाला नाही. शेजारच्या औषधवाल्याला विचारलं, तो बायकोला विचारून येतो म्हणाला आणि तेव्हापासून दुकान मुलगाच सांभाळतोय. व्याह्यांना दोनदा फोन केला, उचलला नाही. सूनबाई म्हणते, बाबा सकाळीच घरातून निघाले, कुठे ते सांगितलं नाही.

पण उत्साह काही ओसरत नाही बघ. आज बादलीत तोंड बुडवून श्वास कोंडायचा सराव केला. हे केंद्रातल्या मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसली. म्हणाली, आजोबा, खाली श्वास कोंडायचा नसतो, घेत राहायचा असतो. ताई, असली ओळ आपल्या पाठ्यपुस्तकात कुठे होती? मुलगी गोड आहे, पण नियम सोडत नाही. दुसरं नाव आलं नाही तर संध्याकाळी दोन्ही जागा दुसऱ्यांना जातील. मग मीही बाजारात फिरेन आणि सगळ्यांच्या पिशव्या उचलेन…

थांब, बेल वाजली. बघून येतो.

ताई, दारात व्याही उभे आहेत. बसमधून उतरून थेट आलेत. हातात पिशवी, कपाळावर पोहण्याचा नवाकोरा चष्मा, त्यावर दुकानाचं लेबल अजून तसंच. नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून उंबऱ्यातूनच विचारतायत, “दुसरी जागा गेली तर नाही ना?”