राखीव अंतराळवीर

१२ नोव्हें. १९८५, मंगळ.
भारत-रशिया मैत्री मंडळाचे सेक्रेटरी सावंतकाका घरी आले. रविवारी घाटकोपरच्या शाळेत रशियन अंतराळवीर येणार, दुभाषी मी! पाच वर्षं क्लासला गेले त्याचं चीज झालं. ऑफिसात लक्ष नाही, दोनदा बोलणी खाल्ली.

१५, शुक्र.
पाहुण्यांना भेटले. लेव पेत्रोविच. पंचावन्नचे असतील. चहात साखर चार चमचे. सोळा वर्षं ट्रेनिंग, दोनदा राखीव. दोन्ही वेळा मुख्य माणूस ठणठणीत. पुढे यांच्याच छातीत काहीतरी निघालं, संपलं.
म्हणजे हे वर गेलेच नाहीत. आणि फलकावर ‘अंतराळात जाऊन आलेले’ असं रंगवून झालंय. काकांना सांगितलं तर कपाळाला हात.
"म्हणजे बारावो गडी? असांदे. पोरांका मात्र सांगू नको गो."

१६, शनि.
दूध उतू घालवलं. आई म्हणते, तू कशाला ठरवतेस, ते बोलतील तेच सांग. तिला सोपं आहे.

१७, रवि.
हॉल भरलेला. पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, वरून पृथ्वी कशी दिसते? ते शांतपणे म्हणाले, "मी पाहिली नाही. दोन्ही वेळा वाटलं, त्या दुसऱ्याला ताप यावा. त्याची अजून लाज वाटते."
मी माइकवर म्हटलं, "निळी दिसते. इवलीशी."
टाळ्याच टाळ्या. ते गोंधळले. टाळ्या कशाला, मला विचारलं. तोंडातून निघून गेलं, तुमचा खरेपणा आवडला त्यांना. त्यांचे डोळे भरून आले. हे मी घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो, म्हणाले.
नालायक आहे मी.

१९, मंगळ.
काका खूश, उद्या मुलुंडलाही कार्यक्रम ठेवलाय. लेव पेत्रोविच तर वेगळेच झालेत. भरभर बोलतात, हसतात. बायकोला सगळं पत्रात कळवलं म्हणे. मुलुंडला सुरुवातच त्या तापापासून करणार. मी हो हो करत राहिले. जेवण गेलं नाही.

२०, बुध.
आई म्हणते, आज तरी खरं सांग. साडी नेसून तासभर नुसती बसलेय. खाली गाडी आली, काका हाका मारतायत. सांगेनही खरं. पण सांगितलं आणि आज टाळ्या पडल्याच नाहीत, तर त्या माणसाने काय समजायचं?