कपासाठी ठोकलेली फळी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला तो शब्दशः घातला आहे. सकाळपासून सतरंजीवर पालथा पडलो आहे आणि पत्रही तसंच लिहितो आहे. अक्षर सांभाळून घे.) वहिनीचा खोकला थांबला का? तुझा डावा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर घाई करू नकोस, रविवारपर्यंत सावकाश दुखू दे.

पत्र लिहायला बसलो (बसलो नाही, ते वर आलंच आहे) त्याचं कारण आपला गोल्फचा सामना. सहा वर्षं कप तुझ्या घरी टीव्हीशेजारी बसून आहे, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची बॅग गाडीपर्यंत न्यायची म्हणून सहा वर्षं तुझी बॅग मी वाहतो आहे. इथे दवाखान्यात त्या कपासाठी मी केव्हाची एक फळी ठोकून ठेवली आहे. दाढ ठणकत असलेला माणूससुद्धा गालावर हात धरून विचारतो, "डॉक्टर, इथे काय ठेवणार आहात?" यंदा मात्र मी चंग बांधला आणि तीन महिन्यांपूर्वी गुपचूप जिम लावली. (गुपचूप म्हणजे तुझ्यापासून. तुझ्या भावजयीपासून या घरात आजवर काही गुपचूप झालेलं नाही. "एकटे पडाल कुठेतरी," म्हणून तीही सोबत येऊ लागली.)

तिथली ट्रेनर माझ्या धाकटीच्या वयाची. जन्मभर मी लोकांना "थोडंसंच दुखेल हं" असं सांगत आलो. तेच वाक्य, तितक्याच गोड आवाजात, ती मला ऐकवते. पहिल्या दिवसानंतर एका पेशंटच्या तोंडावर वाकलो तो सरळच होईना. बिचाऱ्याला वाटलं, आत काहीतरी भयंकर सापडलंय. पण ताकद आली दादा, खोटं कशाला बोलू! पूर्वी माझा चेंडू तळ्यात पडायचा, आता तळं ओलांडून पलीकडच्या रोपवाटिकेत पडतो. मी दिसलो की तिथला माळी कुंड्या आत घेतो.

परवा मात्र घात झाला. सगळी वजनं व्यवस्थित उचलली आणि खाली पडलेलं पेन उचलताना कंबरेत उसण भरली. दोन आठवडे खेळ बंद. जो येणार नाही तो हरला, हा नियम तुझाच. घरातलं कोणीही बदली चालेल, हाही तुझाच. (तुझा पाय मुरगळला होता तेव्हा वहिनीला उतरवलं होतंस. तिनेही मला हरवलं, ते असो.) तेव्हा रविवारी माझ्या जागी तुझी भावजय येईल.

मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : काल कंबरेला पट्टा बांधून तिला सहज मैदानावर नेलं. तीस वर्षं वर्गात फूटपट्टीशिवाय फळ्यावर सरळ रेघ मारणारी बाई ती. चेंडू तसाच गेला. तीनदा.

आणखी एक : दादा, हात जोडतो, तिला हरव. तुझ्याकडून हरायची मला सवय आहे, पण ती जिंकली तर मला जन्मभर ऐकावं लागेल. गुडघ्याबद्दल वर लिहिलं ते मागे घेतो. शेकत जा, जपून ठेव. आणि हे पत्र फाडून टाक.

भाऊजी, नमस्कार. (अक्षर बदललंय हे लक्षात आलंच असेल.) ह्यांना उठता येत नाही, म्हणून पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं. दवाखान्यातली फळी मी सुताराकडून दिवाणखान्यात लावून घेतली आहे. गुडघ्याचं मात्र ह्यांचं ऐका आणि खरंच जपा. रविवारी माझी बॅग गाडीपर्यंत तुम्हालाच न्यायची आहे.